माळ्यावर सापडलेले जिस्ट कार्ड

प्रश्न : शाहूपुरीतील आमच्या बंद पडलेल्या छापखान्याचा माळा आवरताना पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचे जिस्ट कार्ड सापडले. ते आजच्या संगणकात बसेल का, आणि त्याचा उपयोग नेमका काय होता?

उत्तर १ : बसणार नाही, त्या काळचे आयएसए स्लॉट (अशी कार्डे बसवण्याच्या खाचा) आता मदरबोर्डवर नसतात. जुना संगणक मिळाल्यास आधी कार्डाच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या मोजाव्यात. प्रत्येक बाजूस ३१ असल्यास ते १९८१ च्या आयबीएम पीसीच्या पद्धतीचे ८ बिटी कार्ड आहे, आणि खाचेपलीकडे आणखी १८ असल्यास १९८४ च्या पीसी-एटीच्या पद्धतीचे १६ बिटी. पट्ट्या काळवंडल्या असतील तर साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात. पॉलिश पेपर मुळीच लावू नये, मुलामा फार पातळ असतो.

उत्तर २ : उपयोगाविषयी थोडे लिहितो. डॉस या विंडोजपूर्वीच्या संगणक प्रणालीत पडद्यावरील ठरावीक चौकटींत एकेक अक्षर उमटत असल्याने जोडाक्षरांना तिथे जागाच नव्हती, आणि ते काम हे कार्ड स्वतःकडे घेत असे. कार्ड वापरत असलेल्या इस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतात पहिले १२८ क्रमांक रोमन लिपीसाठी तसेच ठेवून भारतीय लिप्या त्यापुढे बसवल्या होत्या, त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही मराठी टंकता येई. आमच्याकडे तर लग्नपत्रिकांचा मजकूर वर्डस्टार या इंग्रजी लेखनाच्या प्रोग्रॅममध्येच जुळवत!

प्रश्नकर्ता : आभारी आहे. खोडरबर घेऊन पुन्हा माळ्यावर चढतो.