मदत हवी आहे: सागरी संरक्षित क्षेत्रावर देखरेख कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी. एका सागरी संरक्षित क्षेत्राच्या व्यवस्थापन आराखड्यावर काम करतोय आणि देखरेखीपाशी गाडी अडलीये. २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र संरक्षित करायचं जगाने २०२२ साली ठरवलं खरं, पण नुसत्या नकाशावर रेघ मारून मासे वाचत नाहीत. मोठ्या जहाजांचा माग एआयएसवरून (जहाजाची जागा आपोआप कळवत राहणारं यंत्र) लागतो. छोट्या होड्यांवर बहुतेक वेळा ते यंत्रच नसतं. रात्री दिवे मालवून जाळं टाकणाऱ्यांना गाठायचं कसं?

मेक्सिकोतलं काबो पुल्मो १९९५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथलं माशांचं एकूण वजन पाचपटीहून अधिक झालं, आणि नियम पाळले जावेत म्हणून झटले ते मुख्यतः गावकरीच. त्यामुळे मच्छीमार सोबत हवेतच, याबद्दल मला शंका नाही.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा: मासे वाढेपर्यंतच्या सुरुवातीच्या वर्षांत मच्छीमारांच्या घरखर्चाची सोय कशी लावली? मोजणीसाठी पाणबुडे बरे की आमिष लावलेले कॅमेरे? आमच्याकडचं पाणी गढूळ आहे. हीच मोजणी हद्दीबाहेरही करणार आहोत, नाहीतर फरक मासेमारीबंदीमुळेच पडला हे कळणार कसं?