पुणे मेट्रोच्या सिव्हिल कोर्ट स्थानकात फक्त लिफ्टने गाडी बदलता येते का? मदत हवी आहे

पुढच्या सोमवारी आईला आनंदनगरहून स्वारगेटला न्यायचं आहे, तिथून एसटी. सिव्हिल कोर्टला वनाज-रामवाडीची उन्नत गाडी सोडून पिंपरी-स्वारगेटची भुयारी गाडी धरावी लागते. खालचा फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीएवढा खोल.

आईचे दोन्ही गुडघे दुखतात. हातात काठी असते, व्हीलचेअर नको म्हणते. सरकत्या जिन्याची तिला फार भीती आहे. पहिल्या पायरीवर पाऊल उचलून तशीच थांबते आणि मागे रांग लागते. रिक्षाही नको, खड्ड्यांत कंबर धरते.

रविवारी मी एकटा जाऊन पाहून आलो. पण गर्दीबरोबर सरकत्या जिन्यांनीच खाली पोचलो, लिफ्टचा सलग रस्ता काही ध्यानात आला नाही. एसटी साडेअकराची आहे, त्यामुळे सकाळी साडेनऊच्या गर्दीत शोधत फिरणं जमणार नाही.

रोज ये-जा करणाऱ्यांनी कृपया सांगा: वरच्या फलाटापासून खालच्या फलाटापर्यंत, तिकिटाच्या गेटबाहेर न पडता, फक्त लिफ्टने जाता येतं का? किती लिफ्ट बदलाव्या लागतात, मध्ये चालणं किती? आणि लिफ्टजवळ उतरायला तीन डब्यांपैकी कुठल्या डब्यात बसावं?