कॅटानच्या पुढे काय घ्यावं? आणि भिडू कुठून आणायचे?

लोकहो, बोर्ड गेम खेळणाऱ्यांची मदत हवीये. घरात आम्ही दोघंच, मी आणि नवरा, अधूनमधून एखादी मैत्रीण येते. कॅटान (फासे टाकून माल मिळवायचा आणि वस्त्या उभारायच्या असा गेम) पुष्कळ खेळून झालं आणि आता फाशांचा वैताग आलाय. दोन फाशांची बेरीज ७ पडायची शक्यता ३६ त ६, ६ किंवा ८ ची प्रत्येकी ५, हे गणित पाठ आहे हो, पण ८ वर वस्ती टाकून बसावं तर ७ वर ७ पडतात, ७ पडला की माल अडवणारा चोर आपल्याच शेतात, वर हातात सातपेक्षा जास्त पत्ते असले की निम्मे टाका.

तर सध्या डोक्यात आहेत हे गेम: ब्रास बर्मिंगहॅम (कारखाने उभारायचा), रूट (जंगलातल्या प्राण्यांच्या लढाईचा), टेराफॉर्मिंग मार्स (मंगळ राहण्याजोगा करायचा). व्हिडिओ बघून ब्रासवर जीव जडलाय. त्यात ज्याने या फेरीत सगळ्यात कमी पैसे खर्च केले तो पुढच्या फेरीत पहिला, म्हणजे शेवटच्या नंबरवर असताना हात आखडता घेतला तर लागोपाठ दोन पाळ्या मिळतात, समोरचा बघतच राहणार! आणि कालव्यांचं युग, म्हणजे गेमचा पहिला अर्धा भाग, संपलं की सगळे कालवे आणि पहिल्या लेव्हलचे कारखाने बोर्डावरून साफ, त्यामुळे आधीपासून पुढचा विचार लागतो. रूट दिसायला गोंडस पण प्रत्येक पक्षाचे नियम वेगळे, नवीन माणसाला शिकवायचं म्हणजे चौघांना चार गेम शिकवल्यासारखं. मार्समध्ये प्रोजेक्टचे २०८ पत्ते आहेत, पण जो तो आपापल्या बोर्डात मान घालून बसतो असं वाटतं. खेळलेल्यांनी सांगा, खरंच तसं होतं का?

दुसरा प्रश्न जास्त अवघड. भिडू. ओळखीच्यांना विचारलं की पत्ते कुटायला सगळे तयार, नियमांचं पुस्तक काढलं की मोबाईल बाहेर. अनोळखी लोकांना जमवून खेळणारं कुणी आहे का इथे? कसं जमवता?

प्रतिसाद १
आधी भिडू बघा मग डबा घ्या. ब्रास दोघांत चालतो पण खरी मजा तीन-चार जणांत. आणि अनोळखी लोकांसमोर पहिल्याच दिवशी ब्रास काढू नका, निम्मे परत यायचे नाहीत. सेव्हन वंडर्स न्या, ३ ते ७ जण, सगळे एकदमच पत्ता निवडतात त्यामुळे ताटकळणं नाही, डाव अर्ध्या-पाऊण तासात आटपतो. तो संपल्यावर 'अजून एक' असं जे म्हणतील ते तुमचे ब्रासचे भिडू. बोलावताना गेमचं नाव, जागा किती आणि कितीला संपणार हे आधीच सांगा, संपायची वेळ माहीत असली की लोक येतात. भेट सार्वजनिक ठिकाणीच ठेवा. मार्सबद्दल तुमचं बरोबर आहे, पण कुणी तुमची झाडं खाऊन टाकली की मान आपोआप वर होते :)
दोघंच असाल त्या दिवशी ट्वायलाइट स्ट्रगल, शीतयुद्धावरचा दोघांचा गेम. आपल्या हातातला पत्ता विरोधकाचा असला तरी कधीतरी खेळावाच लागतो आणि त्याची घटना घडते, अशी चरफड दुसऱ्या कशात नाही.

धागाकर्ती
हे आवडलं! ट्वायलाइट नवऱ्याला दाखवते, भांडण ठरलेलं. एकच विचारायचंय, सेव्हन वंडर्सच्या पत्त्यांवरची ती चिन्हं नवख्यांना आधी सगळी समजावता, की पहिला डाव उघडे पत्ते ठेवून खेळता?