शब्दचर्चा : ‘सोर्स उपलब्ध’ म्हणजे नेमकं काय?

उद्यमबाग, बेळगाव : आमच्याकडं मशीनचे कंट्रोलर बनतात. आत लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि बिझीबॉक्स (छोट्या लिनक्स यंत्रांसाठी नेहमीच्या कमांडचा संच) आहे. त्यांचा सोर्स, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ कोड, मिळेल असं पुस्तिकेत सांगायचंय. कोल्हापूर-सांगलीच्या गिऱ्हाइकांसाठी पुस्तिका मराठीत करालोय. ‘स्रोत विनंतीवरून उपलब्ध’ एवढं लिहिलं तर पुरेल काय?

खानापूर : नाही पुरणार. ‘विनंती’त देणाऱ्याची मर्जी येते, इथं ती नाही. कर्नल आणि बिझीबॉक्स दोन्हींचा परवाना म्हणजे जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना), त्याची १९९१ची दुसरी आवृत्ती. विक्रेत्याला वाटा दोनच : यंत्रासोबत सोर्स द्या, नाहीतर किमान ३ वर्षांची लेखी हमी द्या. हमी गिऱ्हाइकापुरती नाही, मागेल त्या कोणालाही लागू. पैसे घ्यायचे ते नक्कल करून पाठवायच्या खर्चाइतकेच. म्हणून परवान्यातल्या ‘रिटन ऑफर’ला ‘लेखी हमी’ लिहा. ‘प्रस्ताव’ म्हटलं की घासाघीस करता येईल असं वाटतं.

‘स्रोत’ही सोडा, सरळ ‘सोर्स कोड’ लिहा. तो पूर्ण हवा, विकलेल्या यंत्रात जी आवृत्ती आहे तिचाच हवा, आणि कंपाइल (कोडचं यंत्राला चालेल असं रूप करणं) व इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टसकट हवा. तुमच्या फाउंड्रीवाल्यांना सांगायचं तर नुसतं कास्टिंग (ओतलेला भाग) नको, ज्यावरून साचा बनतो तो पॅटर्न द्या. मूळ प्रकल्पाच्या साइटकडे बोट दाखवून भागत नाही, तुम्ही केलेले बदल तिथं कुठले असणार?

निपाणी : मग यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रामही द्यायचा?

खानापूर : वेगळा प्रोग्राम नेहमीच्या सिस्टिम कॉलनं (कर्नलकडं काम मागायच्या ठरलेल्या पद्धतीनं) कर्नल वापरत असेल तर नाही, कर्नलच्या परवान्यातच तशी टीप आहे. बिझीबॉक्समध्ये फेरफार केला असेल तर तो मात्र द्यावाच लागतो.

उद्यमबाग, बेळगाव : असं लिहितो : ‘या यंत्रातील जीपीएलखालील सॉफ्टवेअरचा संपूर्ण सोर्स कोड, बिल्ड स्क्रिप्टसह, यंत्र मिळाल्यापासून किमान ३ वर्षे, मागेल त्या कोणालाही केवळ नक्कल व टपालाच्या खर्चात पाठवू.’ खाली पत्ता.

खानापूर : चांगलं झालं. कन्नड पुस्तिकेतही हेच जाऊ द्या. परवान्याची इंग्रजी प्रत जोडायला विसरू नका, भाषांतर अधिकृत धरत नाहीत. आणि प्रत्येक फर्मवेअर (यंत्रात भरलेलं सॉफ्टवेअर) बाहेर पडेल त्या दिवशीच त्याचा सोर्स बाजूला ठेवा. वर्षभरानं कोणी मागितला तर तीच आवृत्ती शोधत बसणं फार अवघड जातं.