व्हाइट्सबरोच्या शिक्क्यावरची कुस्ती: हात खाली घेतले, तेवढं पुरेसं होतं का?

जुनाकागद:
अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात व्हाइट्सबरो नावाचं साडेतीन-पावणेचार हजार वस्तीचं गाव आहे. ह्यू व्हाइट १७८४ साली कनेक्टिकटहून येऊन तिथे स्थायिक झाला, गावाला नावही त्याचंच. गावात सांगतात ती गोष्ट अशी: तिथल्या ओनायडा या आदिवासी जमातीच्या एका प्रमुखाशी त्याची कुस्ती झाली, व्हाइट जिंकला आणि त्यातून दोस्ती जमली.

गावाच्या १८८३च्या अधिकृत शिक्क्यावर हीच कुस्ती आली. पण चित्र नीट बघा. प्रमुख गुडघ्यात वाकून मागे कलंडलाय आणि व्हाइटचे हात थेट त्याच्या गळ्याशी. आक्षेप आल्यावर १९७७मध्ये ते हात खांद्यांवर आणले, बाकी चित्र तसंच. जानेवारी २०१६मध्ये मतदान झालं. १५७ जण म्हणाले, जुनाच ठेवा; ५५ जणांना बदल हवा होता. देशभर टीका झाली, मग गावाने ओनायडांशी बोलणी केली आणि २०१७मध्ये नवा शिक्का आला.

माझ्या मते हा बदल योग्यच, फक्त चाळीस वर्षं उशिरा झाला.

गढीवरचा:
अजिबात पटलं नाही. कुस्ती म्हटली की एक जण खाली जाणारच, पडलेल्या पैलवानाचा त्यात अपमान कसला? शिवाय गावाने रीतसर मतदान घेतलं होतं. टीव्हीवर चर्चा झाली म्हणून निकाल फिरवायचा, तर लोकांना विचारलं कशाला?

जुनाकागद:
दोस्तीची गोष्ट सांगायला माणूस लागतो. हा शिक्का पोलिसांच्या गाड्यांवरही होता. गाडी शेजारून जाते तेव्हा दिसतं एवढंच की एक गोरा माणूस एका आदिवासीला मागे लोटतोय.

आणि मतदानाचं म्हणाल तर एकूण २१२ मतं पडली. गावाचा कौल म्हणून ती मानेन, पण चित्रात जो पडलाय त्याच्या लोकांना कुणी विचारलं होतं?

सांजवात:
ओनायडांची मागची-पुढची हकीकत कळल्याशिवाय हे चित्र कळत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ते अमेरिकनांच्या बाजूने लढले. १७७७ची ओरिस्कनीची लढाई व्हाइट्सबरोपासून जवळच झाली, तिथेही ते होते. आणि पदरात काय पडलं? १७८८च्या फोर्ट स्कायलरच्या तहात लक्षावधी एकर जमीन न्यूयॉर्क राज्याकडे गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हातात उरली ३२ एकर. १८८३मध्ये शिक्का आला तोवर त्यांची बहुतेक जमीन गेलेली होती. ज्यांनी साथ दिली त्यांनाच गावाने आपल्या कागदावर कायमचं पाडून ठेवलं. मला हे वाचून फार वाईट वाटलं.

गढीवरचा:
जमिनीचं मला माहीत नव्हतं. वाचून मीही थांबलो. पण मग माझी शंका आणखी वाढते. जुनं चित्र खटकत होतं म्हणून तर तुम्ही आज ही माहिती काढलीत. गुळगुळीत चित्र पाहून ३२ एकरांबद्दल कोण विचारणार?

उंबरठा:
मुद्दा चांगला आहे, पण त्यासाठी जुना शिक्का संग्रहालयात असू दे, खाली सगळी हकीकत लिहून. शिक्का म्हणजे गावाची सही, आणि सही आजच्या कारभारावर होते. शिवरायांच्या राजमुद्रेचे शेवटचे शब्द आठवा, ‘मुद्रा भद्राय राजते’. कुणाच्या तरी भल्यासाठी ती शोभते, हे मुद्रेवरच कोरलंय. व्हाइट्सबरोचा दाखला ओनायडा घरातल्या माणसानेही न्यायचा असतो ना?

गढीवरचा:
सहीचं पटतंय. पण नव्या चित्रात कोण जिंकलं तेच कळत नाही. गोष्टीत व्हाइट जिंकला होता, एवढं तरी मान्य करा.

जुनाकागद:
कुस्ती पुसली नाही, नव्या शिक्क्यातही दोघं झुंजतायत, फक्त आता बरोबरीने. आणि व्हाइट जिंकला, हे आपल्याला व्हाइटच्या गावानेच सांगितलंय.