घाटात एसी बंद करायलाच हवा का?

रानवाट
घाट लागला की पुढच्या सीटवरून हुकूम सुटतोच: "एसी बंद कर रे, गाडी दमतेय." मग काचा खाली, मागे आई पदर नाकाला लावून बसलेली आणि पुढच्या एसटीचा सगळा धूर आत. माझं म्हणणं असं की आजच्या गाडीत याची गरज नाही. गाडी एसीमुळे कमी आणि चुकीच्या गियरमुळे जास्त रडते.

एसीचा कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) इंजिनच्या बेल्टवर फिरतो आणि भर उन्हात साधारण ३ ते ५ बीएचपी (इंजिनच्या ताकदीचं माप) खातो. जुन्या मारुती ८०० कडे होतेच मुळात ३७ च्या आसपास. तेव्हा वडील मंडळी बटण बंद करायची ते बरोबरच होतं. आज वॅगनआर १.० मध्ये ६६ आहेत. त्यातले ४ गेले तर एवढा गहजब कशाला?

तरीही गाडी ओढत नाही असं वाटतं, कारण कंपनी सांगते तो आकडा साडेपाच हजार आरपीएमचा (इंजिनचे मिनिटाला फेरे) असतो आणि आपण दोन हजारावर रेटत असतो. ऑल्टो ८०० चा ढोबळ हिशेब करा. चार माणसं, ८ टक्के चढ, ताशी ४०. एवढ्याला सुमारे १६ बीएचपी लागतात. तिसऱ्या गियरला आरपीएमचा काटा २२०० च्या आसपास असतो, तिथे ॲक्सिलरेटर तळाला नेला तरी इंजिन १८-१९ च देतं. त्यातले ४ एसीने नेले की गाडी गुदमरली! तेच दुसऱ्यात टाका. काटा ३३०० वर जातो आणि हातात ३० च्या वर येतात. एसी चालवा, गाणी लावा, काही फरक पडत नाही. पण लोकांना इंजिनचा आवाज वाढला की गाडी फुटेल असं वाटतं, त्याला काय करणार.

कुंभार्लीकर
असहमत. तुमचा घाट कागदावरचा आहे, त्यात रहदारीच नाही.

चिपळूणहून पाटणला चढताना वळणावर पुढे मालाने भरलेला ट्रक असतो. तो थांबतो, तुम्ही थांबता. मग हॅण्डब्रेक, पहिला गियर, अर्धा क्लच, काटा हजार-बाराशेवर. नेमका त्याच वेळी कॉम्प्रेसर 'टक्' करून लागतो आणि गाडी गचका खाते. मागचा बंपरला चिकटलेला असतो. म्हणून माणूस रेस वाढवून क्लच जाळतो. तिथे ३३०० आरपीएमचं पुराण काय कामाचं?

शिवाय ६६ चा आकडा पेट्रोलचा. तीच वॅगनआर सीएनजीवर ५६ ला येते. त्यात उंची. बिनटर्बोचं (हवा दाबून न भरणारं) इंजिन हजार मीटरमागे साधारण १० टक्के ताकद गमावतं आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. सगळं वजा करत जा, मग उरलेल्या ४८ मधले ४ किती मोठे ते कळेल. एक बटण दाबायला जातं काय? पाच मिनिटं घाम येईल, एवढंच.

डिझेलभक्त
नेक्सॉन डिझेल. २००० आरपीएमला २६० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. एसी चालू आहे की बंद, हे गाडीला विचारावं लागतं. चालू द्या तुमचं.

पाना_बारा
गॅरेजमध्ये रोज हेच ऐकतो, "एसी लावला की पिकअप जातो." बॉनेट उघडलं की निम्म्या वेळा कारण वेगळंच निघतं. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. त्याच्या जाळीत उन्हाळाभरची धूळ, किडे, प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा. हवा जात नाही, आतलं प्रेशर वाढतं आणि कॉम्प्रेसर जोर लावून फिरतो. कोणी अंदाजाने गॅस जास्त भरला असेल तरी तेच. एसी खातो ते ३-४ बीएचपी धडधाकट सिस्टिमचे समजा.

कुंभार्लीकर, तो गचका ठरावीक क्षमतेच्या कॉम्प्रेसरचा. त्याचा क्लच एकतर लागतो, नाहीतर सुटतो. बऱ्याच नव्या गाड्यांत कमी-जास्त होणारा कॉम्प्रेसर येतो, त्यात तो जाणवत नाही. आणि बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) स्वतःच काही सेकंद कॉम्प्रेसर सोडून देतो. म्हणजे ओव्हरटेकला जे बटण तुम्ही दाबता, ते गाडीने आधीच दाबलेलं असतं.

मात्र तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर वाद घालत बसू नका. एसी लगेच बंद. कंडेन्सरची गरम हवा थेट रेडिएटरवर येते.

कुंभार्लीकर
"बहुतेक" म्हणालात, माझी त्यात नाही. अर्ध्या क्लचवर कोण ॲक्सिलरेटर तळाला नेतो?

ओलीचिंब
जुलैमध्ये कोकणात एसी बंद करून दाखवा. आत चार माणसांचा दमट श्वास, काच दोन मिनिटांत धुरकट, आणि काच खाली करावी तर पाऊस मांडीवर. एसी हवेतली ओल काढतो म्हणून पुढचं दिसतं. घाटात गाडी हळू चढली तरी चालेल, कठडा दिसला पाहिजे. उन्हाळ्यात काय करायचं ते करा.

मायलेजमामा
ताकदीचं सोडा, पेट्रोलचं बोला. एआरएआयचा (गाड्या तपासणारी संस्था) मायलेजचा आकडा एसी बंद ठेवून काढलेला आहे आणि लोक एसीत बसून तो शोधतात. गावात हळू चालवताना काचा उघड्या परवडतात. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगात काचा उघडून वाचवणारे नेमकं काय वाचवतात कुणास ठाऊक, वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. आणि उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या फुल एसी लावू नका. आधी दारं उघडून गरम हवा घालवा, मग आतलीच हवा फिरवायचं बटण. लोड निम्म्याने हलका होतो असा माझा अंदाज.

रानवाट
कुंभार्लीकर, चढावर थांबून पुन्हा निघताना बंद करा, त्याला माझी ना नाही. माझा वाद पायथ्याला बंद करून माथ्यावर चालू करणाऱ्यांशी आहे. त्यात टॅक्सीवाले पहिले. एसीचे पैसे घेतात आणि घाट लागला की "साहेब, गाडी लोड घेत नाही" म्हणून काचा खाली. बघावं तर गियर चौथा!

कुंभार्लीकर
त्याला तुमच्या दुसऱ्या गियरचं पेट्रोल कोण देणार? चढाला पैसे वाढवून मिळत नाहीत. त्याचं बटण गाडीसाठी नसतं हो, खिशासाठी असतं. मी मात्र गाडीसाठीच दाबतो आणि दाबत राहणार.

नवखा_चालक
माझी एएमटी (गियर आपोआप बदलणारी) आहे. घाटात ती स्वतःच तिसऱ्यात जाते आणि मग धापा टाकते. एसी बंद करू की नको?

पाना_बारा
लिव्हर मॅन्युअलला घ्या, दुसऱ्यात ठेवा, एसी चालू राहू दे. आणि चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक वापरा. एएमटीचा क्लच एसीपेक्षा महाग आहे.