'नोटगेल्ड'ला मराठीत काय म्हणावं?

अष्टकोनी: पहिल्या महायुद्धात जर्मनीत तांबं-निकेल दारूगोळ्याकडे वळलं, चांदीची नाणी लोकांनी दडवली, बाजारात मोड मिळेनाशी झाली. मग गावोगावच्या नगरपालिकांनी आणि कारखान्यांनी लोखंडाची, जस्ताची स्वतःची नाणी पाडली. तेच 'नोटगेल्ड'. एका लेखासाठी मराठी शब्द हवाय. 'आपत्कालीन नाणे' म्हटलं की रुग्णवाहिका दिसते आणि 'आणीबाणीचे नाणे' म्हटलं की १९७५.

खुर्दा: यातला 'नोट' कागदी नोटेतला नाही, हे आधीच सांगा. जर्मन 'नोट' म्हणजे निकड, अडचण. आपल्याकडे 'नड' आहे की! अडीनडीला उपयोगी पडणारं ते 'नडनाणे'.

शेवगाठ: अर्थ चोख, पण हल्लीची पोरं 'तो मला नडला' एवढंच ओळखतात. शिवाय 'गेल्ड' म्हणजे पैसा, नुसतं नाणं नव्हे. बीलेफेल्टमध्ये रेशमावर नोटा छापल्या. माइसेनच्या कारखान्याने तर चिनी मातीची तपकिरी नाणी केली! (खाली पडलं की संपलं.) म्हणून 'नडीचा पैसा'.

गल्लेवाला: मग आपला १९४३चा भोकाचा पैसा काय वेगळा? तोही युद्धात तांबं वाचवायलाच.

खुर्दा: कारण तेच, जात वेगळी. भोकाचा पैसा सरकारी टांकसाळीचा, ब्रिटिश हिंदुस्थानात सगळीकडे चालणारा. नोटगेल्डची हमी त्या गावाची; वेशीबाहेर कोणी घेईलच असं नाही. जवळचा नातेवाईक हवा तर दुसऱ्या महायुद्धातली मोरवी, जुनागढ, बुंदी संस्थानांची पुठ्ठ्याची 'कॅश कूपनं' बघा. आण्या-पैची मोड मिळेना म्हणून काढलेली.

अष्टकोनी: माझ्याकडे १९१७चं जस्ताचं १० फेनिग (शंभर फेनिगचा एक जर्मन मार्क) आहे. आठ कोन, मण्यांची किनार, वर जस्ताची पांढुरकी बुरशी. त्यावर 'क्लाइनगेल्ड-एरझात्स-मार्के' असं लिहिलंय, म्हणजे सुट्या पैशांऐवजीचा बिल्ला. बिचारं स्वतःला नाणंही म्हणवत नाही.

शेवगाठ: मग असल्या नाण्यांपुरता 'मोडीचा बिल्ला' का नको?

गल्लेवाला: मोडीचा? लोकांना लिपी आठवेल, नाहीतर भंगार.

खुर्दा: 'सुट्टा बिल्ला' तरी चालेल. पण सगळ्या प्रकाराला मिळून 'नडीचा पैसा'च. पुढे १९२३च्या महागाईत जर्मनीतल्या वेस्टफालिया प्रांताने एक लाख कोटी मार्कांचं नाणं काढलं, त्याला सुटे पैसे कोण म्हणेल?

अष्टकोनी: लेखात 'नडीचा पैसा' घेतो, पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'नोटगेल्ड'. संपादकांनी 'आपत्कालीन' केलं तर इथे येऊन रडेन.